फीडर टांगला, तरी पारवेच? वसंतात रंगीत पाहुणे पक्षी अंगणात का उतरत नाहीत

होळी जवळ आली की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. शब्द वेगळे असतात, तक्रार तीच. "फीडर आणला, मिश्र धान्य भरलं, सूर्यफुलाच्या बिया घातल्या. महिना झाला. पारवे येतात, साळुंक्या येतात, दोन खारी येतात. रंगीत पाहुणा पक्षी एकही नाही. आमच्या भागात ते येतच नाहीत का?"

येतात. पुण्यात कोथरूड, औंध, बाणेर, सहकारनगर, कॅम्प, जिथे जुनी झाडं आणि थोडी मोकळी माती शिल्लक आहे तिथे हे पाहुणे हिवाळाभर असतात आणि वसंतात निघण्याआधी छान रंगात येतात. तुमच्या फीडरपासून वीस फुटांवर लिंबाच्या फांदीत बसलेलेही असू शकतात. फक्त फीडरकडे त्यांचं काही काम नसतं.

हे कळायला मला तीन वसंत लागले. तळजाई टेकडीच्या पायथ्याशी आमचं जुनं घर आहे. मागे छोटं अंगण, त्यात लिंबू, कढीपत्ता, एक तुती आणि धुणं धुण्याचा दगड. शेजारच्या आवारात मोठी काटेसावर आहे. जागा उत्तम, मग पक्षी का नाहीत, म्हणून मी दर आठवड्याला धान्याचं मिश्रण बदलत होते. बाजरी, राळा, कणी, सूर्यफूल. पारव्यांची संख्या तेवढी वाढत गेली.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये दगडाजवळचा नळ गळू लागला. प्लंबर चार दिवस येतो येतो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर दगडावर साचलेल्या पाण्यात चिमणीहून लहान, नारिंगी गळ्याचा एक पक्षी अंग भिजवत होता. शेपटी वर उचलली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसत. लाल छातीचा माशीमार. पूर्व युरोप ते मध्य आशिया या पट्ट्यात घरटं करणारा आणि हिवाळ्याला आपल्याकडे येणारा. फीडरपासून जेमतेम आठ फूट अंतर, पण त्याने फीडरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार दिवसांत त्या गळक्या नळावर मला पाच प्रकारचे पक्षी दिसले. त्यातल्या एकानेही दाण्याला चोच लावली नाही.

गडबड कुठे होते

पहिली गडबड आहे ती आपण बघतो त्या व्हिडिओंची. माझी भाची न्यू जर्सीला असते. दर मे महिन्यात ती मागच्या अंगणाचे व्हिडिओ पाठवते. अर्ध्या कापलेल्या संत्र्यावर केशरी-काळा बाल्टिमोर ओरिओल, सूर्यफुलाच्या फीडरवर छातीवर लाल त्रिकोण असलेला ग्रोसबीक, कधी गडद निळा इंडिगो बंटिंग. तिथे हे अगदी खरं आहे. हे पक्षी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून एप्रिल-मेमध्ये उत्तरेला परततात. प्रवासाने थकलेले, भुकेले असतात, झाडांवर अजून पुरेसे किडे नसतात. त्यातल्या ग्रोसबीक-बंटिंगची चोच जाड, बिया फोडायला योग्य. ओरिओलला गोड फळ आणि रस आवडतो. म्हणून तिथे वसंत आणि फीडर हे जमून येतं.

पुण्यात हे सगळं उलटं आहे. आपला वसंत ही पाहुण्यांची येण्याची नाही, जाण्याची वेळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेले पक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या तयारीला लागतात आणि एप्रिल संपेपर्यंत बहुतेक निघून जातात. आणि त्यातले रंगीत म्हणावेत असे जवळजवळ सगळे किडे, फळं किंवा फुलांतला रस खाणारे आहेत. धान्य खाणारे नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. पक्षी काय खातो हे त्याच्या चोचीवरून बऱ्यापैकी कळतं. चिमणीची, मुनियाची चोच आखूड, जाड, त्रिकोणी असते. दाणा सोलायचं ते हत्यार. माशीमाराची चोच बारीक, बुडाशी पसरट आणि तिच्या कडेला राठ केस, उडता किडा पकडायला. थिरथिऱ्याची सुईसारखी, जमिनीवरचे किडे आणि कोळी टिपायला. पिवळ्याधमक हळद्याची लांबट आणि मजबूत, फळ आणि सुरवंट दोन्हींसाठी. आता या पक्ष्यांसमोर बाजरी ठेवली तर त्यांना ते खडे ठेवल्यासारखंच आहे.

आपल्याकडे येणारे पाहुणे एकेक करून बघा. थिरथिरा हिमालय-तिबेटच्या उंच प्रदेशातून येतो. नर वरून काळा, पोट आणि शेपटी विटकरी-नारिंगी. सतत शेपूट थरथरवत असतो, नाव त्यावरूनच. कुंपणाच्या भिंतीवर, पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सुद्धा बसलेला दिसेल. तो कीटकभक्षी. व्हर्डिटर माशीमार हिमालयातून येतो, अंगभर मोरपिशी निळा, उंच झाडाच्या अगदी शेंड्याला किंवा केबलच्या तारेवर बसून हवेतले किडे झेलतो. तोही कीटकभक्षी. निळ्या डोक्याचा कस्तूर सिंहगडाच्या दरीत हिवाळ्यात हमखास दिसतो. डोकं निळं, पोट तांबूस, पंखावर पांढरा ठिपका. पाचोळ्यातले किडे आणि कधी फळं, एवढंच त्याचं जेवण. स्वर्गीय नर्तक, ज्याच्या नराला पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी असते आणि जो मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी आहे, तो माश्या आणि पतंग हवेत पकडतो. हळद्या वड-उंबराची फळं, सुरवंट आणि काटेसावरीचा रस घेतो.

धान्य खाणारे रंगीत पाहुणे आपल्याकडे अजिबात नाहीत असं नाही. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा असे दोन भारीट हिवाळ्यात थव्याथव्याने येतात, पोट पिवळंधमक. पण ते ज्वारीच्या रानातले आणि माळरानातले पक्षी. सासवडकडे किंवा इंदापूर-बारामतीच्या माळांवर जा, शेताच्या बांधावर दिसतील. सोसायटीतल्या फीडरवर त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

आधी दाणे काढा

उपायाची सुरुवात मन घट्ट करून करावी लागते. धान्याचा फीडर उतरवून ठेवा.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "अगं, पण मग पक्षी उपाशी नाही का राहणार? दाणे टाकणं हे पुण्याचं काम आहे." त्यांचं दुखणं खरं होतं. त्यांच्या सासूबाई वाड्याच्या अंगणात चिमण्यांना तांदूळ टाकत, ती आठवण त्यात होती. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काकू, दोन दिवस मोजून बघा, कोण येतंय." त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. पहिल्या दिवशी सत्तावीस पारवे, चार साळुंक्या, चिमण्या शून्य. ज्यांच्यासाठी दाणे होते त्यांना जागाच मिळत नव्हती.

पारवा मोठा, धीट आणि झुंडीने येणारा पक्षी आहे. एकदा जागा कळली की दिवसभर तिथेच ठाण मांडतो. लहान पक्ष्यांना तो मुद्दाम मारत नाही, पण पंखांचा फडफडाट आणि गर्दी यामुळे माशीमारासारखा बुजरा पक्षी त्या बाजूला उतरतच नाही. शिवाय सुकलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासातून आत गेली तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा फुप्फुसाचा गंभीर विकार होऊ शकतो. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद झाला त्याच्या मुळाशी हीच काळजी होती. घरात दमेकरी किंवा वयस्कर माणूस असेल तर फीडर काढायला एवढं कारण पुरे आहे.

फीडर काढला तरी पारवे लगेच जात नाहीत. आमच्याकडे जवळजवळ तीन आठवडे ते रोज सकाळी येऊन रिकाम्या हुकाकडे बघत बसायचे. त्या काळात मूठभरही टाकू नका. एकदा टाकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

चिमण्यांसाठी दाणे ठेवायचेच असतील, आणि ठेवावेत असं मलाही वाटतं, तर भोवती दीड इंची चौकटीची तारेची जाळी लावा. चिमणी आत शिरते, पारवा आणि साळुंकी शिरत नाही. सकाळी एकदाच, पाव तासात संपेल एवढंच धान्य. ओला झालेला दाणा लगेच टाकून द्या, त्याला बुरशी धरते. फरसाण, मिठाचा भात, तळलेले पदार्थ कुठल्याच पक्ष्याला नकोत.

पाणी

आता मुख्य उपाय. माझा अनुभव विचाराल तर पुण्यातल्या अंगणासाठी पाण्याचं भांडं हाच खरा फीडर आहे. मार्च-एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळीसला जातो, टेकड्यांवरचे ओहोळ आटलेले असतात, आणि किडेखाऊ असो की फळखाऊ, पाणी सगळ्यांनाच लागतं. पिण्यापेक्षाही आंघोळीला. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या पक्ष्याला पिसं स्वच्छ ठेवावीच लागतात.

पाणी तर आम्हीही ठेवतो, तरी कोणी येत नाही, हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. तेव्हा भांडं नीट बघूया.

खोली: खोल पातेलं किंवा बादली नको. लाल छातीच्या माशीमाराचे पाय काडेपेटीच्या काडीहून बारीक असतात. त्याला एक-दीड इंचापेक्षा जास्त पाणी चालत नाही. मातीची पसरट परात किंवा मोठ्या कुंडीखालची बशी उत्तम. मध्ये एक खडबडीत दगड असा ठेवा की त्याचा माथा पाण्यावर राहील. स्टीलचं भांडं उन्हात तापतं आणि त्यावर पाय घसरतो. प्लास्टिकचंही तसंच.

जागा: गच्चीच्या उघड्या कठड्यावर ठेवलेल्या पाण्यावर कावळे आणि पारवे येतात, बाकीचे नाही. लहान पक्ष्याला डोक्यावर फांदीची सावली आणि पळून जायला जवळ झुडूप हवं. पण झुडूप अगदी भांड्याला चिकटून असेल तर मांजर दबा धरतं. पाच-सहा फूट अंतर बरोबर पडतं. आमच्याकडे लिंबाखाली ठेवलं, कारण लिंबाचे काटे मांजराला अडवतात आणि पक्ष्याला आडोसा देतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आवाज. साचलेलं पाणी वरून उडणाऱ्या पक्ष्याला सहसा कळत नाही. थेंब पडण्याचा आवाज आणि हलणारं पाणी कळतं. माझ्या गळक्या नळाची किमया तीच होती. नळ दुरुस्त झाल्यावर मी औषधांच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला, दोन लिटरच्या बाटलीला जोडला, बाटली फांदीला उलटी टांगली आणि चाकाने थेंब जुळवला. या सेटमधून साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला १८० मिली, म्हणजे दोन लिटर पाणी सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत पुरतं. बाटलीच्या बुडाला, म्हणजे उलटी टांगल्यावर वर येणाऱ्या बाजूला, सुईने एक छिद्र करा, नाहीतर हवा आत न गेल्यामुळे थेंब थांबतो. हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं आणि दर तासाला मी सेट झटकत बसले होते.

डासांची भीती रास्त आहे, पुण्यात डेंग्यू दरवर्षी असतो. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज पाणी ओतून टाकलं तर भांड्यात डास तयार होऊच शकत नाही. मात्र त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही टिकतात. म्हणून नुसतं ओतणं पुरत नाही. नारळाच्या काथ्याने काठ घासा. साबण नको. ओतलेलं पाणी कढीपत्त्याला घाला.

भांडं मांडल्यावर धीर धरा. आमच्या भांड्यावर पहिले आठ दिवस फक्त बुलबुल आणि दयाळ आले. ते आले की समजा काम सुरू झालं, कारण बाकीचे पक्षी या धीट मंडळींकडे बघूनच जागा सुरक्षित आहे का ते ठरवतात असं मला वाटतं. नवव्या दिवशी थिरथिऱ्याची मादी आली.

तुम्ही चुकीच्या वेळी बघताय का

सकाळी साडेनऊला चहा घेऊन खिडकीशी बसणाऱ्यांना सहसा काही दिसत नाही. सूर्य उगवल्यापासून पुढचे दोन तास झाडांवर हालचाल असते, त्यानंतर सगळं शांत. पाण्यावर मात्र दुपारी बारा ते चार ही वेळ सोन्यासारखी. ऊन कडक, माणसं घरात, रस्ता सुना.

महिन्यांचंही गणित असतं. थिरथिरा मार्चअखेर दिसेनासा होऊ लागतो. लाल छातीचे माशीमार एप्रिलपर्यंत. म्हणजे पाडव्याला उत्साहाने तयारी सुरू करणाऱ्याला हंगामाचं शेपूटच हाती लागतं. पाण्याचं भांडं दिवाळीनंतर मांडा आणि होळीपर्यंत रोज त्याच जागी ठेवा. हिवाळाभर ज्या माशीमाराने तुमचं अंगण आपला इलाका मानलेला असतो, तोच फेब्रुवारीत गडद गळा घेऊन समोर बसतो. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची जागतिक पक्षीगणना असते, भारतातून २०१३ पासून लोक तिच्यात भाग घेतात. रोज फक्त पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजायचं. ज्यांना वाटतं आपल्याकडे काहीच नाही, त्यांनी हे एकदा करावंच.

वर बघा

काही पाहुणे अंगणात कधीच उतरणार नाहीत. त्यांचं ताट वर मांडलेलं असतं. काटेसावर, पळस आणि पांगारा जानेवारी ते मार्चमध्ये पानं गाळून लालभडक फुलतात. काटेसावरीच्या मांसल, पेल्यासारख्या फुलात भरपूर रस असतो. शेजारच्या झाडाखाली मी सकाळी सातला खुर्ची टाकून बसते आणि अर्ध्या तासात भोरड्या, हळद्या, साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर सगळे येऊन जातात.

भोरडी, म्हणजे पळसमैना, हा पुण्याच्या वसंतातला सगळ्यात देखणा पाहुणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ-पोट फिकट गुलाबी, डोकं आणि पंख चमकदार काळे, डोक्यावर तुरा. ज्वारीच्या राखणीला गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याला ती आवडत नाही, पण मध्य आशियातल्या आपल्या विणीच्या प्रदेशात ती टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवते. सगळ्यात लवकर, जुलै-ऑगस्टपासून भारतात येते, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत जाते. पिसांची टोकं झिजत गेल्यामुळे वसंतात तिचा गुलाबी रंग आणखी उजळ दिसतो. संध्याकाळी हजारोंचा थवा झोपायच्या झाडावर उतरण्याआधी आभाळात वळणं घेतो तो देखावा एकदा बघितला की फीडरचा हट्ट आपोआप सुटतो.

तिला अंगणात आणायचं तर एकच रस्ता मला ठाऊक आहे, तुती. आमची तुती फेब्रुवारी-मार्चमध्ये लगडते आणि पिकायला लागली की भोरड्यांची टोळी सकाळी येऊन दहा मिनिटांत फांद्या रिकाम्या करते. तुतीला जागा कमी लागते, काडी खोचली तरी जगते, दोन-तीन वर्षांत फळ धरते. मोठी जागा असेल तर उंबर लावा, वर्षभर फळं आणि त्या फळांवर येणारे किडे. लिंबू आणि कढीपत्ता मी मुद्दाम सांगते. त्यावर लाइम नावाच्या फुलपाखराचे सुरवंट येतात आणि लोक घाईने फवारा मारतात. तो सुरवंट म्हणजेच पक्ष्यांचा डबा. फवारणी केलीत तर पाण्याचं भांडं कितीही छान असलं तरी खायला काही नाही म्हणून पाहुणा पुढच्या आवारात जाईल. मी दोन फांद्यांची पानं सुरवंटांना सोडून देते, झाडाला काही होत नाही.

दिसला तो खरंच पाहुणा का

याचीही उलटी तक्रार येते. "निळाजांभळा चमकणारा पक्षी जास्वंदीवर आला, हा हिमालयातून आला ना?" बहुतेक वेळा तो जांभळा शिंजीर असतो, बारा महिने इथेच राहणारा. विणीचा काळ नसताना नराचं पोट पिवळट आणि गळ्यावरून एकच गडद पट्टी असते. हिवाळ्याच्या शेवटी त्याची पिसं बदलतात आणि तो पूर्ण झळाळता निळाजांभळा होतो. जुनाच शेजारी, नवे कपडे. सुभगाचा नरही असाच वसंतात गडद पिवळाकाळा होतो. तांबट तर लाल कपाळ, पिवळा गळा घेऊन टुक-टुक करतो तेव्हा परदेशी वाटतो खरा, पण तो अस्सल इथलाच. शंका आली तर मर्लिन हे फुकट अॅप फोनवर घ्या, फोटो किंवा आवाज दिला की ते नावं सुचवतं. मात्र माशीमारांच्या मादीच्या बाबतीत त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्या एकमेकींसारख्याच दिसतात.

त्याच अॅपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलवायचा मोह होतो. कृपा करून करू नका. निघायच्या तयारीत अंगावर चरबी साठवणारा पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून त्याला हुसकावण्यात ताकद घालवतो.

अंगण नसेल तर

सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत माशीमार येण्याची आशा मी तरी दाखवणार नाही. पण सोसायटीच्या आवारातला एक सावलीचा कोपरा कमिटीकडून मागून घ्या, तिथे परात ठेवा आणि झाडणाऱ्या मावशींना सांगा की त्या झाडाखालचा पाचोळा राहू द्या. घासायची जबाबदारी आपण घ्यायची, त्यांच्यावर टाकायची नाही. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत डासांच्या नावाखाली दोनदा भांडं फेकून दिलं गेलं. तिसऱ्यांदा कोणत्या दिवशी कोण पाणी बदलणार याचा कागद भिंतीवर लावला, तेव्हापासून ते टिकलं. आणि ज्यांना हे काहीच शक्य नाही त्यांनी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडी किंवा एम्प्रेस गार्डन गाठावी, रविवारी सिंहगडाची दरी. तिथे रंगांना तोटा नाही.

खिडक्यांच्या काचांचं मात्र सगळ्यांनी बघावं. काचेत झाड आणि आभाळ दिसतं आणि पक्षी सरळ त्यात घुसतो. पाण्याचं भांडं मोठ्या काचेसमोर ठेवू नका. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर दोऱ्या सोडा किंवा ठिपके चिकटवा. एकच मोठं स्टिकर लावून उपयोग होत नाही, पक्षी त्याला वळसा घालून शेजारच्या काचेवर आपटतो.

हे मी आवर्जून सांगते कारण मे संपताना, सगळे हिवाळी पाहुणे गेल्यावर, पुण्यातून नवरंग जातो. नावाप्रमाणे अंगावर हिरवा, निळा, पिवळसर, काळा, पांढरा, पोटाखाली शेंदरी. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या तोंडाशी उत्तरेकडच्या जंगलांत विणीला जाणारा. रात्री उडतो, दिव्यांनी गोंधळतो आणि दरवर्षी कुठल्या तरी इमारतीच्या पायथ्याशी दमून किंवा काचेवर आपटून पडलेला सापडतो. सापडला तर पाणी पाजू नका, काही भरवू नका, फोटोसाठी हातात धरून ठेवू नका. बुटांच्या खोक्याला चार छिद्रं पाडा, तळाला जुना सुती कपडा घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि खोका अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. तासाभरात सावरला तर झाडीजवळ खोका जमिनीवर ठेवून उघडा आणि लांब उभे राहा. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा दोन तासांतही हलत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वन्य पक्षी घरी ठेवून घेणं कायद्याने गुन्हा आहे, प्रेमाने ठेवला तरीही.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात तो लिंबाखाली आला होता. मी पाचोळा मुद्दाम झाडला नव्हता. पहाटे साडेपाचला दोन सुरांची शीळ ऐकू आली, मग पानं उलटवल्याचा खसखस आवाज. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून अनवाणी खाली आल्या, माझ्याशेजारी दारात उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघी काही न बोलता वीस मिनिटं बघत होतो. तो पाचोळ्यातून किडे काढत, उड्या मारत परातीपर्यंत गेला, पाणी प्यायला आणि झुडपात शिरला. काकूंनी त्या दिवशी कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलं: नवरंग, एक.